कठोपनिषद वाचायचे कसे: पारायणाची सवय असलेल्या मराठवाड्यातल्या वाचकांसाठी

मराठवाड्यात ग्रंथ वाचणाऱ्यांची उणीव नाही. सुगी आटोपली की गावोगाव सप्ताह बसतात. पहाटे काकडा, मग मांडी घालून बसलेल्या वाचकांच्या रांगा, समोर ज्ञानेश्वरी, आणि सात दिवसांत नऊ हजार ओव्या वाचून होतात. या वाचनाची गती आधीच ठरलेली असते, कारण काल्याच्या कीर्तनाआधी अठरावा अध्याय संपलाच पाहिजे. त्यातून कान तयार होतो, ओवी ओठांवर बसते, आणि हे भाग्य लहान नाही. पण याच गतीने उपनिषद वाचले तर हाती फार थोडे लागते. उपनिषदात कुणीतरी विचारतो आणि कुणीतरी सांगतो. विचारणाऱ्याचा प्रश्न आपला झाला नाही, तर सांगणाऱ्याचे उत्तर कितीही थोर असले तरी अंगाला लागत नाही. म्हणून पारायणाची सवय असलेल्या माणसाला एकच नवी गोष्ट शिकायची आहे, आणि ती म्हणजे थांबणे. कुठे थांबायचे, थांबून काय करायचे, आणि त्या वेळी घरातला कोणता ग्रंथ जवळ घ्यायचा, ते इथे सांगतो.

उपनिषद कोणते घ्यावे

मुक्तिकोपनिषदात १०८ उपनिषदांची यादी आहे. शंकराचार्यांच्या भाष्यामुळे प्रमुख मानली गेलेली दहा. त्यातले सुरुवातीला कोणते, असे विचाराल तर मी कठोपनिषदच सांगेन. ईशावास्य अवघ्या १८ मंत्रांचे आहे, पण इतके घट्ट विणलेले की नव्या वाचकाला त्यात शिरायला फट सापडत नाही. छांदोग्य आणि बृहदारण्यक फार मोठी. कठ मात्र गोष्टीने सुरू होते: नचिकेता नावाचा मुलगा यमाच्या दारी जातो आणि त्याला मरणाविषयी विचारतो. दोन अध्याय, प्रत्येकी तीन वल्ली म्हणजे प्रकरणे, मिळून सुमारे १२० मंत्र. रोज एक मंत्र घेतला आणि अधूनमधून खाडे पडले, तरी दिवाळीला आरंभ करून गुढीपाडव्याच्या आत ते पूर्ण होते. सोयाबीन घरात आलेले असते, ज्वारी-हरभऱ्याच्या पेरण्या उरकलेल्या असतात, रात्री मोठ्या असतात. शेतकरी घराला यासारखा काळ नाही.

दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. कठोपनिषदातले काही मंत्र भगवद्गीतेत जवळजवळ तसेच आले आहेत, आणि गीता म्हटली की आपल्याकडे ज्ञानेश्वरी आलीच. म्हणजे ज्याच्या देव्हाऱ्यापाशी ज्ञानेश्वरी आहे, त्याच्या घरात कठोपनिषदाची मराठी टीका काही अंशी आधीच येऊन बसली आहे.

अधिकार कुणाचा

हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो, विशेषतः बायकांकडून. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात त्याचा निकाल लावला आहे: वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव गोदाकाठी पैठणजवळ आहे. त्याच गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई. आणि खुद्द बृहदारण्यकात याज्ञवल्क्यांना अडवून प्रश्न विचारणारी गार्गी आहे, धनापेक्षा अमृतत्व मागणारी मैत्रेयी आहे. ज्याला प्रश्न पडला त्याने वाचावे.

अट आहे ती वेगळी, आणि ती उपनिषदच घालते. दुसऱ्या वल्लीत यम सांगतो की जो वाईट वागण्यापासून परतलेला नाही, ज्याचे मन शांत आणि एकाग्र नाही, त्याला नुसत्या बुद्धीने हा आत्मा मिळत नाही. वाचायला बसण्याआधी हिशेब, भांडणे, अडलेले बोलणे यांतले जे मिटवण्यासारखे असेल ते मिटवायला घ्या. भावाशी बांधावरून कोर्टात चाललेला वाद एका दिवसात मिटणार नाही. पण निदान त्याच्याशी बोलणे सुरू करता येते, आणि त्याचा वाचनावर थेट परिणाम होतो.

सामान

एक मूळ संहिता, पदच्छेद आणि अर्थासह. विष्णुशास्त्री बापट यांनी शांकरभाष्य मराठीत आणले आहे, तालुक्याच्या वाचनालयात विचारून पाहा. हिंदी चालत असेल तर गीताप्रेसची उपनिषदे स्वस्तात मिळतात. एकाच वेळी तीन-चार भाषांतरे उघडून बसू नका. पहिल्या फेरीत एकच, दुसऱ्या फेरीत हवी तितकी. सोबत घरातली ज्ञानेश्वरी आणि दासबोध, आणि एक दोनशेपानी वही. मोबाईलवर प्रवचने ऐकायची असतील तर त्या दिवसाचा मंत्र स्वतः वाचून झाल्यावरच ऐका, कारण आधी ऐकले की आपला प्रश्न उगवायच्या आतच दुसऱ्याचे उत्तर डोक्यात जाऊन बसते.

सोबत

रोजचे वाचन एकट्याने करा, पण आठवड्यातून एकदा तिघा-चौघांनी एकत्र बसा. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी येणारी एकादशी धरली तरी चालेल. जागा कुणाची ढाळज असो की मारुतीच्या देवळाचा सभामंडप. या उपनिषदाचा शांतिमंत्र ‘सह नाववतु’ आहे आणि तो ‘मा विद्विषावहै’ या शब्दांवर येऊन टेकतो: आपण एकमेकांचा द्वेष करू नये. अभ्यासाला बसलेल्यांतच हेवेदावे होतात हे ऋषींना ठाऊक होते, म्हणून ते रोज म्हणायचे. तुम्हीही आरंभी म्हणा.

सोबत का हवी, हे आपल्याकडच्या एका कथेत फार स्पष्ट आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थोपटून कोण पक्के, कोण कच्चे हे पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. नामदेव आधी दुखावले, पण मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबा, औंढ्याचे विसोबा, सगळी आपल्या शेजारची गावे. साक्षात विठ्ठलाशी बोलणाऱ्यालाही बाहेरून थोपटणारे कुणीतरी लागले. तुमच्या बैठकीत एक तरी माणूस असा असावा जो ‘हे तुला खरेच कळले, की नुसते पाठ झाले?’ असे विचारील.

रोजच्या बैठकीचा क्रम

याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला जे सांगितले तोच क्रम आहे: श्रवण, मनन, निदिध्यासन (एकाग्र चिंतन). व्यवहारात तो असा उतरवा.

मंत्र दोनदा मोठ्याने म्हणा. मग पदे सोडवा. उदाहरणाला दुसऱ्या वल्लीतला प्रसिद्ध मंत्र घेऊ: ‘श्रेयश्च प्रेयश्च मनुष्यमेतस्तौ सम्परीत्य विविनक्ति धीरः’. तोडला की होतो: श्रेयः च, प्रेयः च, मनुष्यम् एतः, तौ सम्परीत्य विविनक्ति धीरः. म्हणजे श्रेय (हिताचे) आणि प्रेय (आवडीचे) ही दोन्ही माणसाकडे येतात. धीर माणूस त्या दोघांना सर्व बाजूंनी पारखून वेगळे करतो. संस्कृत येत नसले तरी पदच्छेद दिलेल्या पुस्तकात बोट ठेवून एवढे करता येते, आणि महिनाभरात हात बसतो.

त्यानंतर पुस्तक मिटून तो अर्थ आपल्या बोलीत सांगा, घरात आईला सांगावा तसा. सांगताना जिथे अडखळाल तिथे तुम्हाला कळलेले नाही. ती जागा प्रश्नाच्या रूपात वहीत लिहा. मग काही मिनिटे नुसते बसा. उत्तर शोधायचे नाही, प्रश्न मनात राहू द्यायचा. उठा. एका दिवसाला एवढे पुरे.

पहिली वल्ली: घाई करू नका

बहुतेक वाचक इथे गोष्ट संपवून आत्म्याकडे धावतात. मी मात्र या वल्लीवर महिना घालवा असे म्हणेन, कारण पुढचे सगळे नचिकेत्याच्या स्वभावावर उभे आहे.

नचिकेत्याचा बाप वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान देतो आहे, पण ज्या गाई देतो आहे त्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले. अशा भाकड, थकलेल्या गाई. पोरगा ते पाहतो आणि त्याच्यात श्रद्धा शिरते. इथे थांबा. उपनिषदात श्रद्धेचा पहिला उच्चार होतो तो एका मुलाला बापाचे दान खोटे दिसते तेव्हा. खरे काय ते पाहिल्यावाचून न राहणे, अशी ही श्रद्धा आहे. त्या दिवशी वहीत लिहा: माझ्या घरात, माझ्या देवाधर्मात भाकड गाय कोणती? नको असलेले देऊन दानाचे नाव मी कुठे घेतो?

मग मुलगा विचारतो, मला कुणाला देणार? तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप रागाने म्हणतो, मृत्यूला. निघताना नचिकेता बापाला सांगतो की माणूस पिकासारखा पिकतो आणि पिकासारखाच पुन्हा उगवतो. ज्वारीच्या रानात आयुष्य गेलेल्याला हा मंत्र कुणी समजावून सांगायला नको.

यमाच्या दारात तो तीन रात्री उपाशी राहतो, म्हणून तीन वर मिळतात. पहिला वर काय मागितला ते नीट पाहा. बापाचा राग शांत व्हावा, आणि मी परत गेल्यावर त्याने मला ओळखून प्रेमाने बोलावे. आत्मज्ञान मागायच्या आधी त्याने घर मागितले, परत जाणे मागितले. मराठवाड्यात हे मोठ्याने म्हणायला हवे. कर्ज, नापिकी, अपमान यांनी पिचून जीव द्यायला निघालेल्या माणसाला ‘आत्मा मरत नाही’ हे वाक्य ऐकवणे हा त्या मंत्राचा घोर दुरुपयोग आहे. नचिकेता मृत्यूच्या घरी गेला तो परत येण्यासाठी. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुस्तक बाजूला ठेवा, घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. तसेच घरात नुकतेच कुणी गेले असेल तर तेरा दिवसांत हा ग्रंथ जरूर वाचा, पण रडणाऱ्याला गप्प करायला त्यातला मंत्र वापरू नका.

दुसरा वर अग्निविद्येचा, म्हणजे स्वर्गाला नेणाऱ्या यज्ञाग्नीच्या ज्ञानाचा. पहिल्या फेरीत तो एकदा वाचून पुढे जा.

तिसरा वर म्हणजे ग्रंथाचा प्रश्न: माणूस गेल्यावर कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो, खरे काय? यम टाळतो. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे घे, गुरे घे, हत्ती, सोने, घोडे, जमीन घे, हवे तितके आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. नचिकेता म्हणतो, हे सगळे उद्यापर्यंतचे आहे, आणि ‘न वित्तेन तर्पणीयो मनुष्यः’, पैशाने माणसाचे समाधान होत नाही. इथे एक सराव करा. यमाची यादी तुमच्या भाषेत लिहा: मुलाला नोकरी, बागायती जमीन, बारमाही पाण्याची विहीर, संभाजीनगरात फ्लॅट, मुलीला चांगले स्थळ. यातले काहीच वाईट नाही. फक्त प्रत्येकापुढे लिहा, हे मिळाल्यावर कोणता प्रश्न संपेल आणि कोणता उरेल. जो सगळ्यांच्या पुढे उरतो तो तुमचा प्रश्न. पुढचे पाचही भाग त्या प्रश्नाला सोबत घेऊन वाचा.

दुसरी वल्ली: दोन रकाने

श्रेय-प्रेयाचा मंत्र वर आलाच. आता पंधरा दिवस वहीत दोन रकाने करा आणि रात्री दिवसातला एकच निर्णय लिहा. सोयाबीनची पट्टी हातात आली, सोसायटीचे कर्ज भरले की लग्नाच्या मांडवात उडवले, असा ठळक प्रसंग रोज नसतो. बहुधा लहानच असतो: शेजाऱ्याची निंदा ऐकायला पाच मिनिटे थांबलो का? प्रेय म्हणजे पाप असे समजू नका. यमाने देऊ केलेले सारे प्रेयच होते. प्रेय निवडताना आपण पारखले होते का, एवढेच तपासा.

याच वल्लीत ‘न जायते म्रियते वा विपश्चित्’ हा मंत्र आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला विसावा श्लोक शेजारी ठेवा. त्या दिवशी ज्ञानेश्वरीचा दुसरा अध्याय उघडा आणि सप्ताहात ज्या ओव्या वेगाने गेल्या त्यांवर थांबा. पुढे ‘नायमात्मा प्रवचनेन लभ्यः’ येतो. प्रवचनाने, बुद्धीच्या जोराने, पुष्कळ ऐकल्याने हा मिळत नाही. कीर्तन-प्रवचनांच्या आपल्या मुलखात हा मंत्र भिंतीवर लिहावा असा आहे.

तिसरी वल्ली: रथ

आत्मा रथाचा धनी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, विषय त्यांचे रस्ते. हे चित्र सगळ्यांना पाठ असते, म्हणूनच ते वापरले जात नाही. ते असे वापरा. दिवसात राग आलेला एक प्रसंग घ्या. आठवडी बाजारात कुणी टोमणा मारला. आधी कोणता घोडा उधळला, कान की डोळा? लगाम केव्हा सुटला? त्या क्षणी सारथी जागा होता का? हे सगळे उलट क्रमाने, सावकाश आठवा. आणि शेवटी एक प्रश्न विचारा: राग आला हे ज्याला कळले, तो रागावलेला होता का?

या प्रश्नापाशी पुष्कळ दिवस राहा. साऱ्या ग्रंथाचे दार इथे आहे. समर्थ रामदास, जालना जिल्ह्यातल्या जांबचे, दासबोधाच्या पाचव्या दशकात आधी एक पूर्ण समास नाना विद्यांची यादी देतात आणि यातले काहीच ज्ञान नव्हे म्हणतात. मग पुढच्या समासाच्या पहिल्याच ओवीत सांगतात: ‘ज्ञान म्हणिजे आत्मज्ञान । पाहावें आपणासि आपण । या नांव ज्ञान ॥’ रथाचा सराव करून झाल्यावर हे दोन समास लागोपाठ वाचा. फार फरक पडतो.

वल्लीत पुढे पायऱ्या आहेत: इंद्रियांपलीकडे विषय, त्यांपलीकडे मन, मग बुद्धी, महान आत्मा, अव्यक्त, आणि पुरुष. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला बेचाळिसावा श्लोक याच घरचा. नावांत अडकू नका. पुढे तेराव्या मंत्रात कृती आहे: वाणी मनात मिटवावी, मन बुद्धीत. बसल्या जागी आधी बोलणे थांबवा, मग आतले बोलणे पाहा. पहिल्या फेरीला तेवढे खूप आहे.

दुसरा अध्याय

याचा आरंभच निदान करतो. विधात्याने इंद्रियांची दारे बाहेर उघडणारी केली, म्हणून माणूस बाहेर पाहतो. एखादाच धीर नजर वळवतो. सराव पहाटेचा आहे. चौथा मंत्र सांगतो की स्वप्न आणि जागेपण ही दोन्ही ज्याच्यामुळे दिसतात तो आत्मा जाणून धीर माणूस शोक करत नाही. जाग आली की लगेच मोबाईल घेऊ नका. स्वप्नात जो होता आणि आता जो जागा झाला, त्यांत बदलले काय आणि तसेच राहिले काय, हे पाहा. शंकराचार्यांचा शिष्य हस्तामलक याच्या स्तोत्रावर पैठणच्या नाथमहाराजांनी मराठी टीका लिहिली आहे. ‘बाळ, तू कोण?’ या प्रश्नाला लहानग्या हस्तामलकाने दिलेले उत्तर, मी मनुष्य नव्हे, देव वा यक्ष नव्हे, इथे फार नेमके लागू पडते.

मधल्या वल्लीतल्या अग्नी, वारा आणि सूर्याच्या तीन मंत्रांत कुठलाही तर्क नाही, फक्त पाहणे आहे. ते पाठच करा. शेवटच्या वल्लीत वर मूळ आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ येतो. गीतेचा पंधरावा अध्याय आणि त्यावरची ज्ञानेश्वरी इथे सलग वाचा, हवे तर पारायणाच्या गतीने. इतके दिवस थांबत आल्यावर ती गतीही वेगळी वाटते.

अडचणी कुठे येतात

दीड-दोन महिन्यांनी वाचन कोरडे पडते. हे बहुतेकांना होते. अशा वेळी नवा मंत्र घेऊ नका, पहिल्या वल्लीतला आपला प्रश्न काढून वाचा. दुसरी अडचण उलट आहे: ‘मीच ब्रह्म’ अशी भाषा लवकर तोंडात बसते आणि घरातल्यांशी बोलण्याचा सूर चढतो. त्याला औषध ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा या लक्षणांवर ज्ञानेश्वरांनी जे सविस्तर लिहिले आहे, त्याच्याशी आपले वागणे ताडून पाहा. त्यासाठी घरच्यांचे मत विचारा, स्वतःचे नको.

यानंतर

पाडव्यानंतर उन्हाळ्यात केनोपनिषद घ्या. चारच खंड आहेत, आणि कठाने दिलेला प्रश्न ते आणखी धारदार करते. त्यासोबत मुकुंदराजांचा विवेकसिंधु वाचायला काढा. परंपरेने तो शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात, आणि शंकराचार्यांचाच विचार तो मराठीत आणतो. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळच्या दरीत आहे. त्याच अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचे विवेचन, कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिले. देह कशाचा बनला हे पंचीकरणातून नीट समजून घेतले की ‘मी देह नव्हे’ या वाक्याला काही वजन येते. मांडूक्य अवघ्या १२ मंत्रांचे आहे म्हणून मोह होईल, पण ते गौडपादांच्या कारिकांसह, जाणत्या माणसापाशी बसून वाचायचे. तोपर्यंत कठोपनिषदाची दुसरी फेरी सुरू करा, या वेळी अग्निविद्या न वगळता.